ऑर्गनच्या पोटातले मामा

मामांनी सदुसष्टाव्या वर्षी मिशी काढली, ती आमच्या चर्चच्या ऑर्गनसाठी.

चांगली भरघोस, टोकाला वळवलेली मिशी होती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या गल्लीत लोक पत्ता सांगतानाही त्या मिशीची खूण सांगत. ती एका सकाळी नाहीशी झाली तेव्हा शेजारचे दोघे-तिघे पडेल चेहऱ्याने दारात येऊन उभे राहिले आणि कोण गेलं म्हणून हळू आवाजात विचारू लागले. विड्या वळत बसलेल्या मामी सूप हातात घेऊनच बाहेर आल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढचे आठ दिवस त्या बोलल्या नाहीत. मामांचं म्हणणं एवढंच होतं, की ऑर्गनची हवा कुठून गळते हे शोधायला बोट उपयोगाचं नाही, बोटाची कातडी जाड. गालही नाही. वरचा ओठ ओला करून फटीजवळ नेला की केसाएवढी झुळूकसुद्धा कळते. मध्ये मिशी असली की ती झुळूक मिशीला कळते, माणसाला कळत नाही.

रविवारच्या उपासनेला ऑर्गन मी वाजवते आणि बाकीचे सहा दिवस शाळेत गणित शिकवते. पण हा ऑर्गन कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी अजूनही मामांचा म्हणून सांगते. सगळे त्यांना मामा म्हणत, पण ते माझ्या नात्यातले नव्हते आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतलेही नव्हते. विणकरांच्या तेलुगू घरातले, सकाळी देवाला दिवा लावून, कपाळावर गंध ओढून मग चर्चमध्ये येणारे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापडगिरणीत आणि नंतर चादरीच्या कारखान्यात जकार्डचे मिस्त्री म्हणून काढली होती. चादरीवर मोर किंवा फूल उमटवणारं जे यंत्र मागाच्या डोक्यावर बसवलेलं असतं, ते जकार्ड. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

त्यांचं मराठी सोलापुरी होतं आणि त्यात एक खास खोड होती. त्यात सगळ्या निर्जीव वस्तू पुरुष असत. तो नळी, तो हवा, तो काठी. मी सुरुवातीला शिक्षकी सवयीने एकदोनदा सुधारलं. मग सोडून दिलं, कारण त्यांच्या तोंडी ‘ह्यो नळी आज रुसला हाय’ हे ऐकल्यावर ती नळी खरोखरच एखाद्या हट्टी माणसासारखी वाटायला लागे.

आमची ओळख झाली ती शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, फजितीमुळे. दुपारची उपासना चालू होती, चर्च भरलेलं, आणि शेवटच्या गीताच्या आधी ऑर्गनचा एक सूर अडकला. पट्टीवरून बोट उचललं तरी तो थांबेना. एकच लांबलचक भोंगा. मी आवाज बंद करायच्या खुंट्या आत ढकलून पाहिल्या, त्या जाम झालेल्या, हलेनात; पट्टी वर ओढली, काही उपयोग झाला नाही. शेवटी ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या पंख्याची मोटर बंद केली तेव्हा तो सूर खाली घसरत, रडत रडत बंद पडला. उरलेलं गीत लोकांनी नुसत्या गळ्यावर म्हटलं. मी मान खाली घालून बसले होते.

ऑर्गन तसा कितीतरी वर्षं मरणपंथालाच लागला होता. मिशनच्या जमान्यात तो बोटीने आणि मग रेल्वेने खोक्यांतून आला आणि वेदीच्या डाव्या अंगाला उभा राहिला. थेट छपरापर्यंत उंच, एखाद्या खोलीएवढा ऐसपैस. समोर सोनेरी रंगाच्या नळ्यांची रांग दिसते ती नुसती दर्शनी. खरा संसार आत. पेन्सिलीएवढ्या बारीक नळीपासून छपराला टेकणाऱ्या लाकडी नळीपर्यंत शेकडो नळ्या आत दाटीवाटीने उभ्या आहेत. त्यातल्या निम्म्या मुक्या झाल्या होत्या. एका मोठ्या शहरातून यातला जाणकार म्हणवणारा एक गृहस्थ येऊन गेला होता. त्याने पाच मिनिटं टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं की हे संपलेलं आहे, चामडं कुजलं, लाकूड तडकलं, तुम्ही विजेवरचा कीबोर्ड घ्या. पंचकमिटीने तसं जवळजवळ ठरवलंही होतं. चर्चचा वर्धापनदिन पुढच्या जानेवारीत होता. त्याच्या आधी ऑर्गन काढायचा, दर्शनी नळ्या शोभेला ठेवायच्या आणि बाकीचं मोडीत द्यायचं.

पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, बंगल्यातल्या बोअरची मोटर त्या आठवड्यात मामा दुरुस्त करत होते. पाळकसाहेबांनी त्यांना सहज विचारलं, आमच्याकडे एक जुनं यंत्र आहे, बघता का. मामा चप्पल बाहेर काढून आत आले. मी होतेच. त्यांनी ऑर्गनच्या बाजूची फळी काढली, डोकं आत घातलं आणि अर्धा तास ते डोकं बाहेर आलंच नाही. आम्हाला त्यांची पाठ आणि पांढऱ्या लेंग्याचे पाय तेवढे दिसत होते. मग ते बाहेर आले, भुवयांवर जळमटं, आणि माझ्याकडे बघून हसले.

“बाई, ह्यो तर माग हाय की.”

मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. बारा वर्षं मी तो ऑर्गन वाजवत होते आणि आत पहिल्यांदाच जात होते, हे सांगायला आजही लाज वाटते. त्यांनी मला बाहेर पाठवून एक पट्टी दाबायला लावली आणि स्वतः आतून काय होतं ते बघितलं. मग मला आत बसवून स्वतः दाबली. पट्टी दाबली की तिच्या मागची एक बारीक लाकडी काडी ओढली जाते, ती दुसरीला ओढते, तिसरी वळण घेऊन वर जाते, आणि शेवटी हवापेटीतली एक छोटी झडप उघडते. झडप उघडली की पेटीत कोंडलेली हवा त्या सुराच्या नळ्यांच्या पायाशी येते. आता त्यातल्या कोणत्या जातीच्या नळीत ती शिरेल हे खुंटी ठरवते. खुंटी ओढली की आत भोकं पाडलेली एक लांब पट्टी सरकते, भोकावर भोक येतं आणि हवेला वाट मिळते. भोक सरकलं की वाट बंद.

जकार्डमध्येही असंच असतं. भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक पुढे सरकतात, जिथे भोक असेल तिथला आकडा सुटतो, आकड्याला बांधलेला दोरा वर जातो, दोऱ्याबरोबर चादरीचा एक धागा. मामांच्या दृष्टीने फरक एवढाच होता की इथे धाग्याच्या जागी वारा होता. त्यांनी कुणा गोऱ्या कारागिराने शंभरएक वर्षांपूर्वी केलेलं ते सगळं एका दुपारी वाचून काढलं, आणि त्यांना त्यात काही नवलही वाटलं नाही. चांगला मिस्त्री होता, एवढंच म्हणाले. अडकलेला सूर कशाने अडकला होता तेही त्यांनी दाखवलं. झडपेखाली मेलेल्या पाकोळीचा पंख होता.

पाळकसाहेबांनी कमिटीपुढे शब्द टाकला की वर्धापनदिनापर्यंत या माणसाला काम करू द्या. कमिटीचे सचिव रेल्वेतून निवृत्त झालेले, गायकवृंदात खर्जात गाणारे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी मान्य केलं पण मनापासून नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माझ्या पत्नीच्या अंत्यविधीला हा ऑर्गन मधेच दमला होता, तो फुसका आवाज अजून माझ्या कानात आहे. सन्मानाने जाऊ दे त्याला, हसं नको.

मामा रोज सकाळी सातला येत. शर्टाच्या खिशात एक कबुतराचं पीस, मेणाचा तुकडा आणि पेन्सिल. पीस हवेची मोठी गळती दाखवायला, मेण सरकत्या पट्टीला, आणि पेन्सिल कशाला ते कधी कळलं नाही, कारण ते काहीही लिहून ठेवत नसत. कोणती नळी कुठली हे त्यांना तोंडपाठ होतं.

सगळ्यात आधी त्यांनी भाता घेतला. मी म्हटलं, मुक्या नळ्यांपासून सुरुवात करू, म्हणजे कमिटीला काहीतरी ऐकवता येईल. त्यांनी ऐकलं नाही. “आदी वारा, मंग आवाज,” म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकलं असेल. भाता म्हणजे मोठ्या पलंगाएवढी चामड्याच्या घड्यांची पेटी, तिच्यावर लोखंडी वजनं ठेवलेली. पंख्याची हवा तिच्यात भरते आणि वजनं ती हवा एकसारखी दाबून ठेवतात. वजन कमीजास्त झालं की सगळा ऑर्गन बेसूर. मामांनी हळदीचं पाणी भरलेली एक वाकडी प्लॅस्टिकची नळी जोडली आणि ते पिवळं पाणी किती बोटं चढतं त्यावरून दाब मोजला.

चामड्यासाठी ते मैंदर्गीला गेले. तिथे त्यांचा एक जुना कातडी कमावणारा मित्र होता, त्याच्याशी कानडीत दिवसभर वाद घालून त्यांनी मेंढीचं पातळ, मऊ चामडं आणलं. गालावर घासून पसंत केलेलं. काड्यांसाठी जुन्या यंत्रांच्या खोक्यांच्या देवदारी फळ्या चिरल्या, कारण हलकं आणि सरळ रेषांचं लाकूड तेच. चिकटवायला मात्र सरसच. घाणेरड्या वासाचा, हाडाकातड्यांपासून केलेला, शिजवून पातळ करायचा सरस. चर्चमध्ये बायका नाकाला पदर लावून येऊ लागल्या. मी विचारलं की बाजारात पांढरा गोंद डब्यातून मिळतो, तो का नको. तेव्हा ते काम थांबवून माझ्याकडे वळले. पांढरा गोंद एकदा धरला की सोडत नाही, म्हणाले. सरस वाफेने सुटतो. पुढे पन्नास वर्षांनी कुणीतरी हे चामडं काढायला बसेल, त्याच्या हाताला लाकूड अख्खं लागलं पाहिजे. ज्याने पहिल्यांदा हे केलं त्याने आपली सोय बघून ठेवली होती, आपण पुढच्याची बघायची.

त्यांचा स्वभाव सोपा होता असं मी म्हणणार नाही. एका मधल्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. मामांनी ते बघितलं, पीस लावून बघितलं आणि ती नळी तशीच जागेवर ठेवली. तीन आठवडे. सचिवांनी विचारलं तर म्हणाले, आत पोरं हायत, उडून जाऊ दे. ती सगळी उडून गेल्यावर त्यांनी ते मातीचं घर हलक्या हाताने सोडवलं आणि बाहेर कडुलिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. कमिटीतले एक जण याच गोष्टीवरून बैठकीत बराच वेळ तावातावाने बोलले. मामा दाराशी उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “वारा लई हाय, पन नळी न्हाई.”

ऑक्टोबरपर्यंत सगळ्या नळ्या बोलू लागल्या. आता सूर जुळवायचे होते. यात मी बाहेर पट्टी दाबून धरायची आणि मामा आत नळीचं टोक किंचित वरखाली करायचे. मला वाटलं होतं ते मला विचारत राहतील, बरोबर का, बरोबर का. त्यांनी एकदाही विचारलं नाही. बाभळीची एक हातभर काडी त्यांनी तासून घेतली होती. तिचं एक टोक दातांत धरून दुसरं नळीच्या पायाशी हवापेटीवर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि हाताने नळीचं टोक हलवायचे. खालच्या आणि मधल्या सुरांत त्यांची चूक मला कधी सापडली नाही. वरच्या दोन सप्तकांशी आलो तेव्हा मात्र ते काडी खिशात ठेवून म्हणाले की वरचं तुमी मान हलवून सांगायचं, तो माज्या दातात येत न्हाई.

तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एका दुपारी त्यांच्या मागे गीतपुस्तकांचं लाकडी कपाट भिंतीवरून सुटून धाडकन फरशीवर पडलं. मी दचकून उभी राहिले. मामा एका हाताच्या अंतरावर होते आणि शांतपणे नळी पुसत होते.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मागे वळून पडलेल्या कपाटाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं. ते पायरीवर बसले.

“चाळीस वर्सं मागात काढली, बाई. कान तितंच ठिवून आलो.”

कारखान्याच्या खडखडाटात सगळेच कामगार ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतात. मामा इतके पटाईत होते की सहा महिने समोरासमोर बोलूनही मला पत्ता लागला नव्हता. त्यांनी मला शपथ वगैरे घातली नाही. कमिटीला सांगू नका, एवढंच म्हणाले, आणि मी मान डोलावली.

पुढची चूक माझी आहे. मी ते गायकवृंदातल्या माझ्या मैत्रिणीला सांगितलं. कौतुकाने सांगितलं, पण सांगितलं. दोन रविवारांत ते सचिवांपर्यंत पोचलं.

उपासना संपल्यावर सचिवांनी मामांना बोलावून घेतलं. कमिटी, पाळकसाहेब, गायकवृंदातले बरेच जण, सगळे ऑर्गनपाशी उभे होते. सचिव अपमानाचं काही बोलले नाहीत. ते म्हणाले की तुमच्या कष्टांबद्दल आम्ही आभारी आहोत, पण ज्याला ऐकू येत नाही त्याने लावलेल्या सुरांवर आम्ही वर्धापनदिनाला गायचं, हे मला पटत नाही. मी मामांकडे बघू शकत नव्हते. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता याचंच मला जास्त लागलं.

मामांनी एक फळी काढली. मला खुणेने बसायला सांगितलं आणि खर्जातली एक पट्टी दाबून धरायला लावली. दोन खुंट्या ओढल्या, म्हणजे एकाच सुराच्या दोन नळ्या एकदम बोलू लागल्या. मग त्यांनी एका लाकडी नळीचं टोक मुद्दाम थोडं हलवलं. सूर बिघडला. दोन नळ्या जवळजवळ सारख्या पण नेमक्या सारख्या नसल्या की आवाज लाटांसारखा हेलकावतो, वँव, वँव, वँव, तसा तो हेलकावू लागला.

“साहेब, हितं हात ठिवा,” मामा म्हणाले.

सचिव घुटमळले. मग कोटाची बाही वर करून त्यांनी हवापेटीच्या, प्रत्येक लाटेसरशी थरथरणाऱ्या लाकडावर तळवा ठेवला. मामांनी काडी दातांत धरली आणि नळीच्या टोकाला हात घातला. हेलकावे हळू झाले. आणखी हळू. सचिवांनी डोळे मिटले होते. चर्चमध्ये त्या एका सुराशिवाय काही नव्हतं. एक शेवटची लांब लाट आली, गेली, आणि मग सूर सरळ उभा राहिला, एकच नळी बोलत असावी तसा.

“थांबलं,” सचिव म्हणाले. त्यांचा हात तिथेच होता.

मामा काडी तोंडातून काढून म्हणाले की आता दुसरा घ्या, तुमीच सांगा कुटला घ्यायचा.

सचिवांनी दुसरा सूर घेतला नाही. त्यांनी हात काढला, खिशातून रुमाल काढून उगाचच पुसला आणि पाळकसाहेबांना म्हणाले की वरच्या सुरांना बाई आहेतच. मग मामांच्या अगदी समोर उभे राहून, ओठ नीट दिसतील असे, त्यांनी विचारलं की अजून काय काय लागेल ते सांगा. मामांनी सांगितलं की आठवडाभर सूर जुळवताना छताचे पंखे बंद ठेवा, आणि त्या माशीवाल्या साहेबांना लांब ठेवा. सगळे हसले, माशीवाले साहेबही.

मामांची मी माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी. त्यांनी हात झटकला. बरं झालं, म्हणाले, आता समोर उभं राहून सावकाश सांगत जा, ओठ शोधून शोधून मान दुखती.

सूर जुळवण्याच्या बाबतीत त्यांनी एक अट घातली होती, ती त्या काळात सगळ्यांना विक्षिप्त वाटली. ज्या वेळेला वाजवायचा त्याच वेळेला जुळवायचा. हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं; सोलापूरच्या उन्हात तो पहाटेपेक्षा दुपारी सहज कानाला कळेल इतका चढतो. पण जिभेच्या नळ्या, ज्यांच्या आत पितळेची पातळ पट्टी थरथरते, त्या उन्हाला फारशी दाद देत नाहीत, तिथेच राहतात. म्हणजे सकाळी गुण्यागोविंदाने बोलणाऱ्या नळ्या दुपारी आपसात भांडतात. वर्धापनदिनाची उपासना सकाळी नऊची होती. त्यामुळे जानेवारीतले आठ दिवस मी पहिला तास सुटीचा मागून घेतला आणि रोज नऊला आम्ही ऑर्गनपाशी हजर.

त्या दिवशी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. जुनी, परगावी गेलेली कुटुंबं आली होती. मोडनिंबहून, पुण्याहून, कुठून कुठून. पाळकसाहेबांनी मामांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. मामा तिथे बसलेच नाहीत. नवा लेंगा-सदरा घालून, कपाळावर गंध लावून ते ऑर्गनच्या आत जाऊन एका स्टुलावर बसले आणि फळी लावून घेतली. आत काही अडलं तर हात घालता यावा म्हणून, असं त्यांनी सांगितलं. पण काही अडलं नाही. पहिलं गीत सुरू झालं आणि एवढ्या वर्षांत मी कधी न ऐकलेला आवाज माझ्याच बोटांखालून निघाला. भरलेला, कुठेही न दमणारा. लोक गाता गाता वर बघत होते. सचिव शेवटच्या रांगेतून खर्जात गात होते आणि त्यांचा आवाज मला त्या सगळ्यातून वेगळा ऐकू येत होता. शेवटच्या गीताच्या शेवटच्या ओळीला मी पायाखालची सगळ्यात खालची पट्टी दाबली, छपराला टेकलेल्या नळीची, आणि नेहमीपेक्षा बरीच लांबवली. बाकांवरचे लोक उठून उभे राहिले.

उपासनेनंतर मी फळी काढली तेव्हा मामा दोन्ही तळहात दोन बाजूंच्या लाकडावर ठेवून बसले होते. कसं वाटलं, मी समोर वाकून विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, चांगला झाला, पन तुमी तिसऱ्या गाण्यात घाई केली. ते खरं होतं.

त्यानंतर सात वर्षं मामा त्या ऑर्गनपाशी येत राहिले. प्रत्येक रविवारी स्टुलावर आत. मंडळीतल्या लहान मुलांना वाटे की ऑर्गन मामाच वाजवतात आणि मी नुसती समोर बसते. मी ते कधी खोडून काढलं नाही.

शेवटची गोष्ट त्यांच्या जाण्याच्या आदल्या हिवाळ्यातली. परदेशातला, पिढीजात ऑर्गनच बांधणारा एक माणूस दक्षिणेतली जुनी चर्चं बघत फिरत होता. कुणीतरी त्याला आमच्याबद्दल सांगितलं म्हणून तो सोलापूरला उतरला. उंच, पांढऱ्या दाढीचा पण मिशी सफाचट, मितभाषी. तो सकाळी आत शिरला आणि दुपारी बाहेर आला. त्याने विचारलं की हे काम कोणत्या कंपनीने केलं. सचिव आता काठी टेकत चालत होते, तरी मुद्दाम आले होते. त्यांनी काठीनेच मामांकडे दाखवलं आणि इंग्रजीत सांगितलं की कंपनी नाही, हे आमचे मिस्त्री आहेत. ‘आमचे’ म्हणताना त्यांनी मान किती ताठ केली ते मी पाहिलं.

पाहुण्याने मामांचे दोन्ही हात हातात घेतले आणि तो बराच वेळ बोलत राहिला. मामांना इंग्रजी ओठ वाचता येत नव्हते. मी समोर उभी राहून एकेक वाक्य त्यांना मराठीत सांगत होते. चामड्याचं काम त्याच्या वडिलांच्या हातचं वाटावं असं आहे. काड्या कुठेही घासत नाहीत. सरस वापरलात म्हणून तो तुमचे आभार मानतो. एवढ्या दूरवर, एवढ्या उन्हात असा निर्दोष ऑर्गन त्याने पाहिला नाही. 

मामांनी सगळं ऐकून, म्हणजे बघून, घेतलं. मग त्यांनी मला विचारलं, “खालच्या रांगेत एक ठिकानी वारा गळतो, तो याला घावला का, इचारा.”

मला त्या गळतीची काहीच कल्पना नव्हती. मी विचारलं. पाहुण्याने नकारार्थी मान हलवली. त्याला कुठेच गळती दिसली नव्हती. मामांनी मला सांगितलं की ती फट मूळ लाकडात आहे, बुजवायची तर पहिल्या कारागिराचं लाकूड कापावं लागलं असतं, ते त्यांच्याच्याने झालं नाही, म्हणून इतकी वर्षं तशीच ठेवली. पण जो आत जाऊन चार तास बसतो त्याला ती सापडायला हवी. निर्दोष म्हणणाऱ्याने नीट बघितलं नाही.

मी जरा सौम्य करून हे सांगितलं.  पाहुण्याने अंगातला कोट काढून बाकावर ठेवला, बाह्या दुमडल्या आणि तो पुन्हा आत शिरला.

आम्ही बाहेर थांबलो. सचिव बसून राहिले, मी बसले. मामा उभेच, हात मागे बांधून. तासभर तरी गेला असेल. आतून मधूनमधून फळी सरकल्याचा आवाज येत होता, तो मामांना ऐकू येत नव्हता, पण प्रत्येक वेळी आमचे चेहरे बघून ते ओळखत होते.

मग तो माणूस गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. दाढीला जळमटं, शर्ट धुळीने काळा. तो उठून उभा राहिला, मामांच्या समोर आला आणि एका हाताचं बोट आपल्या वरच्या ओठावर ठेवून दुसऱ्या हाताने आत खाली, अगदी मागच्या कोपऱ्याकडे दाखवलं.

मामांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाबद्दल तरी समाधान वाटल्यासारखं म्हणाले,

“आता इचारा त्याला, च्या घेनार का.”